४८ हजारांचा आत्मविश्वास : कोच, समुपदेशक, कोर्स की आणखी काही?

"ताई, शेवटच्या तीनच जागा उरल्यात म्हणे. भरू का पैसे?"

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. दुपारी तिने ९९ रुपयांचा एक वेबिनार केला होता. त्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं आणि शेवटी बायकांसाठीच्या १२ आठवड्यांच्या कार्यक्रमाची किंमत सांगितली गेली : ४८ हजार. आत्मविश्वास परत मिळवा, आयुष्याचं ध्येय शोधा, करिअर पुन्हा उभं करा, तिन्ही एकदम. बहीण ४१ वर्षांची, कोथरूडला राहते. बी.कॉम., भोसरीच्या एका कारखान्यात दहा वर्षं अकाउंट्समध्ये. धाकटीच्या वेळी, २०१५ साली, नोकरी सोडली ती सोडलीच.

पैसे भरायला सांगणारा फोन आला, तेव्हा तिने पलीकडच्या मुलीला एकच प्रश्न विचारला होता : "यात जीएसटी धरून की वर?" ती मुलगी गडबडली, "विचारून सांगते मॅम" म्हणाली. "वर असेल तर ५६ हजार ६४० होतात गं," बहीण मला म्हणाली, आणि त्याच दमात, "मला आता काहीच येत नाही."

मी १७ वर्षं माणसं भरती करण्याच्या कामात आहे आणि स्वतःच्या खिशातून दोनदा कोचला पैसे मोजलेत, एकदा वाया आणि एकदा सार्थकी. त्यामुळे तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते. अशा फोनवर हो म्हणण्याच्या बेतात असाल, तर आजची रात्र जाऊ द्या. तीन जागा उद्याही तीनच असतात.

"आत्मविश्वास नाही" हे म्हणणं "अंगात कणकण आहे" म्हणण्यासारखं आहे. कशामुळे, ते त्यातून कळत नाही. म्हणून मी तिला विचारलं, शेवटची नोकरीची जाहिरात बघून अर्ज न करता बंद केलीस, ती कुठल्या ओळीवर? तिला ओळ पाठ होती : "जीएसटी रिटर्न्स व टॅलीप्राइमचा अनुभव आवश्यक." जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. तिने नोकरी सोडली तेव्हा व्हॅट, एक्साइज आणि सर्व्हिस टॅक्स हे जुने कर होते, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी ९ होतं. टॅलीप्राइम आलं २०२० साली. विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१ कसं भरतात, खरेदीची बिलं पोर्टलवरच्या २बी यादीशी कशी जुळवतात, २० तारखेच्या आत महिन्याचं थ्रीबी रिटर्न कसं भरतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिचा आत्मविश्वास गेला नव्हता, व्हॅट गेला होता.

आता पर्याय बघू. आधी कोच, कारण सगळ्यांत जास्त पैसे तिथेच जातात.

आपल्याकडे उद्या सकाळी कुणीही दारावर "लाइफ कोच" अशी पाटी लावू शकतं. परवाना नाही, सक्तीची नोंदणी नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची संस्था १९९५ पासून आहे, तिची प्रमाणपत्रं जगभर चालतात, पण ती ऐच्छिक. त्यांत तीन पायऱ्या आहेत. एसीसीसाठी किमान ६० तासांचं शिक्षण आणि लोकांसोबत १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं. पीसीसीसाठी १२५ आणि ५००. एमसीसीसाठी २०० आणि अडीच हजार. म्हणजे "सर्टिफाइड" या शब्दामागे शनिवार-रविवारची कार्यशाळाही असू शकते आणि अडीच हजार तासही. विचारायचं : कुणाचं प्रमाणपत्र, कुठली पायरी, आणि माझ्यासोबत तुम्ही स्वतः बसणार की तुमच्या हाताखालचं कुणी? या प्रश्नाचा ज्यांना राग येतो, त्यांचं उत्तर मिळालं असं समजा.

माझा सार्थकी लागलेला कोच २०१९ चा. कंपनीने बंगळुरूला मोठी जागा देऊ केली होती, मुलगा दहावीत, आणि मी पाच महिने "बघते" म्हणत होते. पीसीसी असलेल्या एका बाईंकडे एकेक तासाच्या सहा बैठका घेतल्या, मिळून २४ हजार. त्यांनी एकही सल्ला दिला नाही. पहिल्या बैठकीनंतर मी घरी चिडचिड केली की हे काय, मीच बोलायचं आणि मीच पैसे द्यायचे! तिसऱ्या बैठकीत त्या म्हणाल्या, "आज तुम्ही 'मुलाची दहावी' अकरा वेळा म्हणालात. 'मला जायचंय' किती वेळा म्हणालात?" एकदाही नाही. मुलगा निमित्त होता, मलाच जायचं नव्हतं. त्या आठवड्यात नकार कळवला आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा गाढ झोपले.

हे जमलं कारण दोन्ही पर्याय माझ्या हातात होते. गुंता होता, तो कोचने सोडवला. ज्या बाईच्या हातात अजून दोराच नाही, तिला गुंता सोडवणाऱ्याकडे पाठवून काय उपयोग?

वाया गेलेले पैसे त्याआधीचे. तो सामुदायिक कार्यक्रम होता, पडद्यावर सत्तर चौकटींत सत्तर बायका. पहाटे सहाला "मी समर्थ आहे" एकवीस वेळा. मासिकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची, ते आपलं भविष्य. माझ्या पुठ्ठ्यावर का कोण जाणे स्वित्झर्लंडची गाय होती. दहाव्या आठवड्यात कळलं की खरं काम "प्लॅटिनम" पायरीत आहे आणि तिचे पैसे वेगळे. तरी एक कबूल करते, त्यातल्या चौघी अजून माझ्या संपर्कात आहेत. पण मैत्रिणी याहून स्वस्तात मिळतात, भिशीतही.

पैशांचं आणखी एक. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज. चौथ्या आठवड्यात वर्ग सोडला तरी हप्ता थांबत नाही, कारण तो कोचकडे जात नसतो, कर्ज देणाऱ्याकडे जातो. परताव्याची अट लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर का असेना. पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण तिथवर जावंच लागू नये. सुटी एक बैठक घ्या, तिचे पैसे द्या, मग पुढचं ठरवा. एकदम बाराचे भरायला लावणाऱ्यांपासून लांब राहा.

समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ ही वेगळी वाट आहे, आणि कोचच्या पाटीखाली सर्रास विकली जाते ती हीच. पंधरा-पंधरा दिवस सलग मन उदास, झोप उडालेली, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, कारण नसताना रडू येतं, किंवा घरात कुणी हात उगारतं, सतत पाणउतारा करतं : यावर कोचिंग हा इलाज नाही. चांगला कोच हे ओळखून स्वतःच पुढे पाठवतो. वाईट कोच म्हणतो, "तुमची एनर्जी ब्लॉक झालीय." क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागता येतो, मागावा. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. पैशांची अडचण असेल, किंवा कुणाकडे जायचं हेच कळत नसेल, तर १४४१६ ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे : ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही.

त्याच्याही आधी पॅथॉलॉजी लॅब. हसू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. चाळिशीत हिमोग्लोबिन जेमतेम ९ असलेली बाई "मला काही करावंसंच वाटत नाही" म्हणते, तेव्हा तिला ध्येय सापडायचं राहिलेलं नसतं. थायरॉइड आणि पाळी जाण्याच्या आधीची ती विचित्र तीन-चार वर्षं, यांचंही तेच.

कोर्स हा सगळ्यांत कमी झगमगाटाचा पर्याय, आणि मोठा खंड पडलेल्या बहुतेकींना पहिल्यांदा तोच लागतो, असं माझं मत आहे. तिथेही फसगत होते, ती दुसऱ्या टोकाने : भीती वाटते म्हणून एकामागून एक प्रमाणपत्रं गोळा करत राहायचं. मी असे बायोडेटा पाहिलेत, सात कोर्स आणि एकही अर्ज नाही. ज्या ओळीवर तुम्ही अडलात तेवढीच ओळ शिका. पदवीच अर्धी राहिली असेल तर गोष्ट निराळी, मग नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ सालापासून अशांसाठीच आहे.

पुनरागमनाच्या योजनांबद्दल थोडक्यात. टाटा समूहाने २००८ साली खंड पडलेल्या बायकांसाठी सेकंड करिअर इंटर्नशिप सुरू केली, सहाएक महिन्यांत ५०० तासांचं खरं काम आणि त्याचं मानधन, अशी तिची रचना. नंतर आयटी कंपन्यांनी आणि बँकांनीही तसं काही ना काही काढलं. कोचला तुम्ही पैसे देता, इथे तुम्हाला मिळतात, तेव्हा तुलना कसली करायची! पण अशा जागा थोड्या असतात, बहुतेक मोठ्या शहरांत, आणि बरा पूर्वानुभव असलेल्यांनाच मिळतात. शेवटी नोकरीची हमीही नसते. तरी अर्ज करा, मुलाखतीचा सराव फुकट होतो.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर शहरातल्या ध्येयशोधाच्या वर्गांपेक्षा मला म्हसवड जास्त भरवशाचं वाटतं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं हे गाव. तिथे चेतना गाला-सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायका अंगठा उठवणाऱ्या होत्या. बायका लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब सांगा, आम्ही तोंडी करतो, तुमचे साहेबही करू देत. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्यासोबतच्या माणदेशी फाउंडेशनची बायकांसाठी व्यवसाय शिकवणारी शाळाही आहे. त्या बायकांनी आधी आत्मविश्वास मिळवला आणि मग हिशेब केला, असं काही झालं नव्हतं. सरकारी बाजूने, बचत गटातून जायचं असेल तर १९७५ पासूनचं माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, आहेच.

शेवटचा पर्याय कुणी विकत नाही, म्हणून त्याची जाहिरात नसते : वेळ. बहिणीला मी एका कागदावर दिवस लिहायला लावला. पोळ्या, डबे, धाकटीला नृत्याच्या क्लासला नेणं-आणणं, सासूबाईंच्या गोळ्या. सलग दीड तास कुठेच नव्हता. पोळ्यांच्या बाई आणि क्लासची रिक्षा मिळून महिन्याला ६ हजार होत होते. ४८ हजारांत आठ महिने. "पण ते पैसे घरात मागताना कसंसंच होतं," ती म्हणाली. कोर्सचे मागता येतात, पोळ्यांचे नाही. यावर मी काय बोलणार? मीही तीन वर्षं मागितले नव्हते.

एवढं झाल्यावर कोच कुणी घ्यावा? हातात नोकरी आहे, दोन रस्ते दिसतायत आणि पाय उचलत नाही, तिने. बढती मिळाली पण बैठकीत तोंड उघडत नाही, तिनेही. यांनी चार ते सहा बैठका घ्याव्यात, एकास एक, पायरी विचारून. बाकीच्यांनी आधी रक्त तपासावं, मग अडलेली ओळ शोधावी, आणि मन सतत खाली असेल तर थेट मानसशास्त्रज्ञाकडे जावं. सामुदायिक कार्यक्रम मी कुणालाच सुचवणार नाही. हा माझा पूर्वग्रह असेल. गाय अजून डोळ्यांसमोर आहे.

बहिणीने पैसे भरले नाहीत. दोन दिवसांनी तिला पुन्हा फोन आला, खास तिच्यासाठी किंमत ३९ हजार. सोसायटीच्या खाली एका कर सल्लागाराचं ऑफिस आहे. तिथे ती जाऊन म्हणाली, तीन महिने अर्ध्या पगारावर येते, मला रिटर्न्स भरायला शिकवा. पहिल्या महिन्यात एका किराणावाल्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, चुकीच्या रकान्यात टाकलं, सरांची बोलणी खाल्ली, घरी येऊन रडली, दुसऱ्या दिवशी परत गेली. पोळ्यांच्या बाई तिसऱ्या महिन्यात लागल्या, स्वतःच्या पगारातून.

परवा मी तिला दुपारी सहज फोन केला. दोनदा कट केला तिने. मग मेसेज आला : "आज २० तारीख आहे ताई. थ्रीबी. रात्री बोलू."