पावसाच्या पाण्याचं पिंप आणि फिल्टर किट, दोन पावसाळे वापरून

आधीच सांगते, किट घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. पण दुकानदार ज्याचे पैसे लावतो ते वेगळं आणि पाणी ज्याने स्वच्छ राहतं ते वेगळं, हे कळायला मला दोन पावसाळे लागले.

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, रो हाउस, मागे थोडं अंगण आणि त्यावर दहा बाय बाराचा पत्रा. बोअरचं पाणी इतकं जड की कुंड्यांवर पांढरे थर चढतात, आणि नळाचं पाणी झाडांना घातलं की सासूबाईंची कुरकुर सुरू, गंगापूर धरणातून आणलेलं प्यायचं पाणी जास्वंदीला ओततेस का म्हणून. तर 200 लिटरचा सेट घेतला. पिंप, लोखंडी स्टँड, वरची जाळी, पहिलं घाण पाणी बाजूला काढायचा पाइप आणि वाळू-कोळशाचा फिल्टरचा डबा, सगळं मिळून साडेपाच हजार. दुकानाचं नाव नको, माणूस बोलायला चांगला आहे.

पाणी मिळतं का, तर भरपूर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आमचा पत्रा अकरा चौरस मीटरचा, म्हणजे 20 मिलिमीटर पडला की पिंप भरून वाहायला लागतं. नाशकात जुलैत दिवसदिवस झिमझिम चालते तेव्हा हे एका दिवसातही होतं. भरणं अवघड नाही हो, भरलेलं पाणी पुढच्या उघडिपीपर्यंत चांगलं ठेवणं अवघड आहे.

पहिली गोची पिंपाच्या रंगाची. पांढुरकं, थोडा उजेड आत जाऊ देणारं पिंप, "ताई पाण्याची लेव्हल बाहेरून दिसते" हे दुकानदाराने तीनदा सांगितलं. दिसते ना, पंधरा दिवसांत हिरवी दिसायला लागली. आत उजेड शिरला की शेवाळ येणारच, तिथे फिल्टर काय करणार. मी काळा ऑइलपेंट मारला, तर दिवाळीपर्यंत त्याचे पापुद्रे निघाले, या प्लास्टिकवर रंग धरतच नाही. शेवटी दिंडोरीच्या मामेदिरांकडून टोमॅटोच्या शेतातला उरलेला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यांवर अंथरतात ते प्लास्टिक, आणला, चंदेरी बाजू बाहेर आणि काळी आत ठेवून पिंपाला गुंडाळला, वर सुतळी. दिसायला शेगडीवर ठेवलेल्या हंड्यासारखं दिसतं पण शेवाळ बंद झालं ते झालंच. नवीन घेणार असाल तर सरळ काळं पिंप मागा.

मग डास. किटमधल्या जाळीची भोकं तांदूळ आरामात पडतील एवढी. पहिल्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या बाई टाक्या तपासायला आल्या, झाकण उचलून टॉर्च मारला तर स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळत खाली पळाल्या. मला इतकी लाज वाटली! बाईंनी शांतपणे अख्खं पिंप आडवं केलं आणि म्हणाल्या, डेंग्यूचा डास असंच साठवलेलं स्वच्छ पाणी शोधतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आता 200 लिटर दर आठवड्याला ओतून कोरडा दिवस कोण पाळणार? म्हणून खिडकीला लावतो ती डासांची बारीक जाळी आणली, एक तोंडाला आणि एक ओव्हरफ्लोच्या पाइपाला, आणि दोन्हीकडे क्लॅम्प घट्ट केले. ओव्हरफ्लोचं कुणी सांगतच नाही, झाकण कितीही घट्ट लावा, डास तिकडून आत जातो. अजून एक, याची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, त्यामुळे मे महिन्यात मी पिंप काथ्याने खसाखसा घासून काढते, नुसतं विसळून चालत नाही. दुकानदाराला जुनी जाळी नेऊन दाखवली तर म्हणतो, "ताई ती पानांसाठी आहे, डासांसाठी थोडीच." बरं.

पण पानांसाठी तरी कुठे? शेजारी गुलमोहर आहे आणि त्याची बारीक बारीक पानं त्या भोकांतून सरसर आत. तळाशी बसून कुजतात, पाणी चहासारखं होतं आणि नळ सोडला की सडक्या अंड्यासारखा वास. त्यात नळ तळापासून जेमतेम एक इंचावर, म्हणजे पहिली बादली गाळाचीच. प्लंबरदादाकडून सहा इंचांवर नवं भोक पाडून टँक निप्पल (नळ पिंपाला जोडायचा तुकडा) आणि दुसरा नळ बसवून घेतला, खालचा नळ फक्त गाळ काढायला. दादा म्हणाला हे आधीच करून द्यायला हवं होतं, तेच मी म्हणतेय.

आता ज्याचं कौतुक करायचंय ते. पहिलं पाणी काढायचा पाइप, सगळ्या किटमधली एवढीच गोष्ट मला खरी कामाची वाटली. पत्र्यावर पारव्यांची विष्ठा, धूळ, काय काय असतं, पावसाचं पहिलं पाणी ते सगळं घेऊन येतं. ते आधी या उभ्या पाइपात भरतं, पाइप भरला की आतला बॉल तरंगत वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं चांगलं पाणी पिंपात जातं. खाली बारीक भोक असतं, त्यातून पाइप हळूहळू रिकामा होऊन पुढच्या सरीसाठी तयार. पण त्यांनी दिलेला पाइप दोन फुटांचा! चार इंची पाइपात मीटरला साधारण आठ लिटर मावतात, म्हणजे दोन फुटांत पाचच, आणि माझ्या पत्र्याचा पहिला एक मिलिमीटरच अकरा लिटरचा. आता साडेचार फुटांचा लावलाय, फरक डोळ्याला दिसतो. खालचं भोक मातीने बुजतं तेवढं आठवड्याला काडीने मोकळं करावं लागतं, एंड कॅप, म्हणजे पाइपाचं खालचं झाकण, महिन्यातून एकदा उघडायची. उघडाल तेव्हा बाजूला उभं राहा, मी एकदा पायावर घेतलंय ते काळं पाणी, दोन दिवस चप्पल बाहेर होती.

वाळू-कोळशाचा डबा मात्र पैसे वाया. जोराची सर आली की पाणी त्यातून उतरतच नाही, वरून सांडतं, आणि आठ दिवस उघडीप पडली की ओली वाळूच वास मारते. झाडांना कोळशाने गाळलेलं पाणी कशाला लागतं कळलं नाही. हे पाणी आम्ही पितही नाही, आणि मेथी-कोथिंबिरीला घालताना पानांवर न ओतता मुळाशी घालते, पारव्यांचं एवढं तरी लक्षात ठेवावं लागतं. डब्यात सध्या पुदिना लावलाय, छान आलाय.

सासूबाई म्हणत होत्या डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोड. उघड्या हौदात सोडले असते, बंद अंधाऱ्या पिंपात बिचाऱ्यांनी काय करायचं.

तर किटला पाचपैकी तीन गुण. त्यातले दोन पाइपाचे, एक स्टँडचा, तो भरलेल्या पिंपाखाली दोन वर्षांत इंचभर वाकला नाही. आज घ्यायचं झालं तर काळं पिंप, लांब पाइप, बारीक जाळी, दोन नळ असं सुटं सुटं घेईन, निम्म्या पैशांत होईल. किटमधला बॉलही पहिल्याच वर्षी तडकून पाणी पिऊन बुडाला, आता तिथे मुलाचा प्लास्टिकचा क्रिकेटचा बॉल आहे, मस्त बसतो. दिवाळीच्या सुट्टीत तो परत मागतो आणि तेव्हा नेमका परतीचा पाऊस येतो.