दुनहुआंगची सुखावती आणि जपानचे राइगो चित्र

मृत्यूनंतर अमिताभ बुद्धाच्या सुखावतीत, म्हणजे पश्चिमेकडील आनंदभूमीत, जन्म मिळतो ही श्रद्धा चीन आणि जपान या दोन्ही देशांत रुजली. चित्रकारांनी मात्र ती निरनिराळ्या बाजूंनी पाहिली. चीनमधील दुनहुआंगजवळच्या मोगाव लेणीसमूहातील २२० क्रमांकाच्या लेण्यात इ. स. ६४२ चा लेख आहे. तिथल्या दक्षिण भिंतीवर प्रत्यक्ष सुखावतीच अवतरली आहे: मध्यभागी अमिताभ, खाली नर्तक आणि वादक, आणि तळ्यातल्या कमळांच्या पारदर्शक कळ्यांत नव्याने जन्मलेले जीव लहान मुलांच्या रूपात बसलेले. इथे मरण कुठेच दिसत नाही, दिसते ते फक्त मुक्कामाचे ठिकाण.

जपानी राइगो चित्रात, म्हणजे मरणासन्न माणसाला नेण्यासाठी अमिताभ येतो त्या प्रसंगाच्या चित्रात, उलट आहे. क्योतोच्या चिओन-इन मंदिरातील प्रसिद्ध चित्रात अमिदा, म्हणजे अमिताभच, पंचवीस बोधिसत्त्वांसह ढगांवरून तिरपा, जवळजवळ घाईने, एका घराकडे उतरतो. पुढे असलेल्या अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाच्या हातात मृताला बसवून नेण्यासाठी कमळासन असते. कोन्काइ-कोम्योजी मंदिरातील पडद्यावरच्या अमिदाच्या हातांना तर आजही पंचरंगी दोऱ्यांचे अवशेष चिकटलेले आहेत, कारण त्या दोऱ्यांचे दुसरे टोक मरणासन्न माणसाच्या हाती दिले जाई.

अंत्यकालीन कला या शब्दाला माझ्या मते राइगोच अधिक पात्र ठरते. दुनहुआंगचे चित्र वैभवात सरस आहे, पण ते दात्या कुटुंबाच्या पुण्यासाठी भिंतीवर स्थिर राहिले. राइगो मृत्युशय्येपर्यंत पोहोचले.