बिटकॉइन कोअर, फक्त टर्मिनलवरून: दापोलीतील दीड वर्षाचा अनुभव

बिटकॉइन कोअर हा बिटकॉइन या डिजिटल चलनाचे व्यवहार स्वतः तपासणारा आणि आपले बिटकॉइन सांभाळणारा प्रोग्राम आहे, आणि तो खिडक्या-बटणांच्या रूपातही मिळतो. मी मात्र दीड वर्ष तो दापोलीजवळच्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर केवळ टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, वापरत आहे. बिटकॉइन-डी ही सेवा पार्श्वभूमीत चालते आणि बिटकॉइन-सीएलआय तिला आज्ञा पोहोचवते. प्रोग्राम विनामूल्य आणि मुक्तस्रोत असल्याने खर्च होतो तो वेळेचा, विजेचा आणि डिस्कवरील जागेचा.

त्यातला वेळेचा खर्च पहिल्याच दिवशी कळतो. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनची (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) सगळी साखळी हा प्रोग्राम स्वतः उतरवून तपासतो, आणि ती आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. ‘प्रून’ हा पर्याय लावल्यास तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात; ते किमान ५५० एमबीपर्यंत आवरता येतात. उतरवणे मात्र एकदा पूर्णच करावे लागते, आणि आमच्याकडील जोडणीवर त्याला अकरा दिवस लागले. पुढे जुलैच्या एका रात्री वीज गेली, बॅटरी दमलेली असल्याने लॅपटॉप एकाएकी बंद पडला आणि सकाळी डेटाबेस बिघडल्याचा संदेश समोर आला. अशा वेळी ब्लॉकांची अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते, आणि प्रून केलेल्या संगणकावर जुने ब्लॉक शिल्लकच नसल्याने सगळी साखळी पुन्हा उतरवावी लागते. जागेची काटकसर अशी अंगाशी आली. पैसे सुरक्षित होते, कारण बिटकॉइन खर्च करण्यासाठी लागणाऱ्या गुप्त किल्ल्या वॉलेटच्या, म्हणजे डिजिटल पाकिटाच्या, फाइलमध्ये असतात, साखळीत नसतात; पण पुन्हा अकरा दिवस गेले. त्यानंतर यूपीएस घेतला आणि त्याची बॅटरी उतरू लागताच ‘स्टॉप’ ही आज्ञा आपोआप जाईल अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

रोजच्या आज्ञा सोप्या आहेत. बिटकॉइन घेण्यासाठी नवा पत्ता, शिल्लक, व्यवहारांची यादी ही प्रत्येकी एका ओळीची कामे आहेत. धोका पाठवण्याच्या आज्ञेत आहे. तेथे ‘खात्री आहे का?’ असे कोणी विचारत नाही. वॉलेट उघडे असेल तर एंटर दाबताच व्यवहार बिटकॉइनच्या जाळ्यावर जातो. शिवाय रक्कम बिटकॉइनमध्ये आणि शुल्काचा दर सातोशीमध्ये लिहायचा असतो. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात, तेव्हा दशांशचिन्हानंतरचे एक शून्य कमी पडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. वॉलेटचा पासफ्रेझ, म्हणजे लांब पासवर्डही थेट आज्ञेत लिहू नये, कारण तो टर्मिनलच्या इतिहासात तसाच उरतो. तो वेगळा विचारून घेण्याची सोय दिलेली आहे, ती वापरावी.

या प्रोग्रामचे खरे मोल मला पीएसबीटीमध्ये, म्हणजे अंशतः स्वाक्षरी केलेल्या व्यवहारांच्या पद्धतीत जाणवले. जाळ्याला जोडलेल्या लॅपटॉपवर मी केवळ पाहण्यापुरते वॉलेट ठेवतो, त्यात खासगी किल्ल्या नाहीत. तेथे व्यवहाराचा मसुदा तयार होतो, तो पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या, इंटरनेट कधीच न लावलेल्या संगणकावर जातो, तेथे स्वाक्षरी होते आणि तो परत पहिल्या लॅपटॉपवर येतो. स्वाक्षरी करणाऱ्या संगणकाला साखळीची गरज पडत नाही. स्वाक्षरीपूर्वी मसुदा उलगडून पाहिला की कोणत्या पत्त्यावर किती रक्कम जाणार, उरलेले सुटे आपल्याकडे किती परत येणार आणि शुल्क किती, हे सर्व समोर दिसते. मोबाइल अॅपवर तीन वर्षे व्यवहार करूनही हे सुट्यांचे गणित मला कधी कळले नव्हते.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. बारा किंवा चोवीस शब्दांचा बॅकअप येथे मिळत नाही. फाइलच जपावी लागते. आमच्या दमट हवेत पेन ड्राइव्हची टोके गंजतात आणि कागदाला बुरशी येते, म्हणून मी तीन प्रती ठेवतो, त्यातली एक पुण्याला बहिणीकडे असते. दुसरी उणीव रुपयांची. भारतात एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनसारख्या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, खरेदीखर्चाखेरीज वजावट मिळत नाही आणि तोटा इतर उत्पन्नातून वळता करता येत नाही. व्यवहारांची यादी या प्रोग्राममधून स्वच्छ मिळते, पण त्या दिवशीचा रुपयातील भाव त्याला ठाऊक नसतो. तो रकाना सीएकडे कागद देण्यापूर्वी मलाच हाताने भरावा लागतो.

ज्यांना साखळी सांभाळायची नाही, त्यांच्यासाठी इलेक्ट्रम हे दुसरे वॉलेट बरे. तेही टर्मिनलवरून चालते, मिनिटांत सुरू होते आणि बारा शब्दांचा बॅकअप देते. मात्र ते दुसऱ्यांच्या सर्व्हरला विचारून शिल्लक सांगते, त्यामुळे आपले पत्ते त्या सर्व्हरला कळतात. एवढ्या एका कारणासाठी मी कोअर सोडलेले नाही. जुलैच्या त्या अनुभवानंतर आता मे महिन्याच्या अखेरीस हर्णैला होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की मीही ‘स्टॉप’ देऊन लॅपटॉप डब्यात ठेवतो. गणपतीनंतर तो सुरू केल्यावर मधल्या महिन्यांचे ब्लॉक उतरवायला एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो.