छतावरचं सोलर: योजना चांगली, लोखंड तपासून घ्या

पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त घेतलं तरी ७८,००० रुपयेच अनुदान. त्यामुळे घराला ३ किलोवॅट परवडतं. बिनसावलीची साधारण ३०० चौरस फूट जागा हवी. माडाच्या झावळीची सावलीसुद्धा पॅनलच्या अख्ख्या रांगेची वीज पाडते. पॅनल देशी सोलर सेलचे, असं कोटेशनवर लिहून घ्या. नाहीतर अनुदान विसरा.

खरी गोम स्ट्रक्चरची, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात त्या लोखंडी सांगाड्याची. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात नुसता रंग मारलेला अँगल वेल्डिंगच्या जोडापाशीच आधी गंजतो. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) पाइप आणि स्टेनलेस नटबोल्टच मागा. आणि हो, लाइट गेली की बॅटरीशिवायचं सोलरही बंद पडतं, तुमची वीज लाइनमध्ये जाऊन लाइनमनच्या जिवावर बेतू नये म्हणून. विकणारा हे क्वचितच सांगतो.