विलायती पंपाच्या नावाखाली 34,000 रुपयांना फसलो

आमच्या बाबांची 1965 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे. 1798 सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे जुळे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग). बाबा गेल्यापासून मी ती जिवापाड सांभाळतोय. गेल्या उन्हाळ्यात इंदूरहून खंडवा रोडला गेलं की सिमरोलच्या घाटात ती आचके देऊन बंद पडायला लागली. वीस मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू.

इंदूरच्याच एका गॅरेजवाल्याला दाखवली. बोनेट उघडून दोन मिनिटांत तो म्हणाला, "भैयाजी, पंप गया. विलायत से मंगाना पड़ेगा." या गाडीचा टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप बोनेटखाली नसतोच. तो मागच्या उजव्या चाकापाशी, गाडीच्या खालून बसवलेला असतो, आणि त्याने खाली वाकूनही पाहिलं नव्हतं. मला हे ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो.

तीन आठवड्यांनी काळा कुळकुळीत पंप बसवून मिळाला. 34,000 रुपये, रोख. जुना पंप मागितला तर म्हणे, कंपनीला परत द्यावा लागतो.

पुढच्याच रविवारी गाडी त्याच घाटात बंद. महूचे एक काका, सगळं आयुष्य जुन्या गाड्यांत गेलेलं, ते सोबत होते. म्हणाले, "आधी चावी फिरव आणि कान लाव." एसयू पंप चावी दिल्याबरोबर टकटक करतो आणि कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की थांबतो. थांबतच नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय, नाहीतर पेट्रोल गळतंय. वाजतच नसेल तर करंट आणि पंपातले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे) बघायचे. आमचा रडतखडत एखादा ठोका देत होता. काकांनी टाकीचं झाकण सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली आणि पंप भराभर वाजू लागला.

त्याच्या दोन महिने आधी मी बाजारातून टाकीचं नवं झाकण आणून लावलं होतं. त्याला हवेचं छिद्रच नव्हतं! जेवढं पेट्रोल टाकीतून जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर पंप ओढून ओढून दमतो.

मग काका गाडीखाली शिरले आणि मला हाक मारली. पंपाच्या काळ्या रंगावर बोट फिरवलं तर खाली खाचा लागत होत्या. नखाने रंग खरवडला. 12-3-91. बाबांनी पंप उघडला होता त्या दिवशी खिळ्याने कोरलेली तारीख. मला तिथेच रडू आलं.

गॅरेजवाला म्हणाला, "पक्का बिल दिखाओ." माझ्याकडे फक्त डायरीचा फाडलेला कागद, सही नसलेला.

तेव्हा पैसे देण्याआधी जुना पार्ट हातात घ्या आणि पक्कं बिल मागा. पंप गेला म्हणत असेल तर थंड इंजिनवर, तुमच्या डोळ्यांदेखत, कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडायला लावा. चावी दिल्यावर जोरदार धार आली तर पंप शाबूत आहे. आणि इंदुरात हल्ली कुणाच्या गाडीला असा विलायती पंप बसला असेल, तर आजच रंग खरवडून बघा.