ग्लास, ताग की काथ्या? पॅनलचं काम घेण्याआधी

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या गाळ्यात हँड ले-अपचं काम (साच्यात धाग्याचं कापड पसरून त्यावर हातानं रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारं चिकट रसायन, लावायचं) चालतं आणि गिऱ्हाईक ग्लासऐवजी, म्हणजे काचेच्या धाग्याऐवजी, तागाचं पॅनल मागतंय, तर नुसते धाग्याचे आकडे बघून नाही म्हणू नका. ई-ग्लासची (नेहमीच्या काचधाग्याची) ताणशक्ती, म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद, २००० मेगापास्कलच्या वर, तागाची साधारण ४०० ते ८००, काथ्याची २००च्या आसपास. आता हे वाचून ताग बादच वाटेल. पण पॅनल सहसा ताणून तुटत नाही, ते वाकतं.

आणि वाकण्याचा हिशेब निराळा. शीटचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. जाडी दुप्पट केली की आठपट. ग्लासची घनता घन सेंटिमीटरला २.५५ ग्रॅम, तागाची १.४च्या आसपास. तेवढ्याच वजनात तागाचं पॅनल जाड बसतं. म्हणून ग्लासचं मॉड्युलस (धाग्याच्या स्वतःच्या ताठपणाचं माप) ७० गिगापास्कल आणि तागाचं चांगल्या धाग्यातही २५च्या घरात असलं, तरी बरीचशी तूट जाडीतच भरून निघते. जर्मन मोटारींच्या दारांना आतून जवसाच्या आणि घायपाताच्या धाग्याची पॅनलं बसतात, ती याच हिशेबावर.

काथ्याचं तसं नाही. त्याच्यातले सूक्ष्म तंतू धाग्याच्या लांबीला ३० ते ४५ अंशांनी तिरके असतात, तागात जेमतेम ८. त्यामुळे काथ्या स्प्रिंगसारखा ताणला जातो, तुटण्याआधी १५ टक्क्यांहून जास्त. मॉड्युलस मात्र ४ ते ६ गिगापास्कल, आणि पॉलिएस्टर रेझिनचं स्वतःचंच ३च्या आसपास. आधार द्यायला उरतं काय? धक्का खाणारा भाग किंवा आवाज दाबणारं अस्तर असेल तर काथ्या जरूर घ्या. भार घ्यायला नको.

खरी अडचण पाण्याची. ताग साध्या हवेतलीच १२ टक्क्यांच्या आसपास ओल धरतो, खाडीकाठच्या जुलैत त्याहून जास्त. धागा फुगतो, रेझिनची पकड सुटते, ताकद घसरते. कापड ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून, स्वच्छ धुऊन, ओव्हनमध्ये वाळवलं तर पकड सुधारते. पावसाळ्यात वाळवणं टाळूच नका, आणि कापलेल्या कडा रेझिननं बंद करा. कोटेशन देताना आणखी एक: ताग रेझिन पितो. कापड स्वस्त म्हणून खूश व्हाल आणि रेझिनच्या बिलात ते पैसे जातील.

ऑफिसचं पार्टिशन, फॉल्स सीलिंग, दाराचं अस्तर यांना ताग चालेल. टाकी, छप्पर, बाहेरचं काहीही असेल तर ग्लास, त्यात वाद नको. मधल्या कामांना बाहेरून ग्लासचे थर आणि आत ताग हा जोड मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. नमुने लॅबला देताना निम्मे २४ तास पाण्यात ठेवून मग वाकवायला सांगा, आणि गिऱ्हाइकाला ओल्या नमुन्याचाच आकडा द्या.