माझी पट्टी कुणी विचारलीच नाही

दिल्लीच्या एका खोट्या संगीत महोत्सवापायी किती घालवले तो आकडा आधी सांगून टाकते: ७३,६०० रुपये. घरी मी तीन आठवडे अठ्ठावीस हजार सांगत होते, म्हणून इथे खरा लिहितेय. त्यातून मी नोकरी करते बँकेत. रोज काउंटरवर म्हाताऱ्या माणसांना बजावते, काका, ओटीपी कुणाला देऊ नका, आलेल्या लिंकवर बोट लावू नका. माझ्याकडे कुणी ओटीपी मागितलाच नाही. सगळे पैसे मी स्वतःच्या हाताने पाठवले, आणि दर वेळी वर पावतीही मागून घेतली.

मी मिरजेची. वय ५१. लहानपणी सतारमेकर गल्लीवरून जाताना आतून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) लावत बसलेल्या कारागिराची एकच तार पुन्हा पुन्हा ऐकू यायची. दोऱ्याचा तुकडा तारेखाली केसभर सरकवायचा, ऐकायचं, परत सरकवायचा. ते बघत उभी राहिल्यामुळे शाळेला उशीर व्हायचा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या गावात राहिले, १९३७ साली गेले तेव्हा इथल्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. उरुसात तिथे गाणं असतं, मोठमोठे कलाकार सेवा म्हणून हजेरी लावून जातात. मी तिथे तीनदा बसलेय. माझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे, तानपुऱ्यावर.

या ‘मागे’ शब्दात माझी सगळी फसवणूक आहे. तानपुऱ्यावर बसणाऱ्याला समोरची दाद कुठून उठली, कुणाची मान कधी हलली, सगळं दिसतं. त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. मी एकोणचाळिसाव्या वर्षी गाण्यात विशारद झाले, सांगली आकाशवाणीची ऑडिशन एकदा दिली, झाली नाही. बाईंना विचारलं की मी स्वतंत्र कधी बसू, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: “अगं, अजून षड्ज ठरत नाही. घाई कसली?” हे ‘अजून’ मी बावीस वर्षं ऐकतेय. बाईंचं चुकत नव्हतं. पण पन्नाशी उलटल्यावर ‘अजून’ हा शब्द कानाला वेगळा लागतो.

गुरुपौर्णिमेला क्लासात सहा मिनिटं गायले, मुलीने त्याचा व्हिडिओ टाकला. चौथ्या दिवशी व्हॉट्सॅपवर मेसेज: “आपकी गायकी में साधना झलकती है.” खाली पत्र. वर तीन सिंहांची राजमुद्रा, त्याखाली ‘मंत्रालय से संबद्ध’, दोन्ही बाजूंना दिवंगत गायकांचे फोटो. दिल्लीत राष्ट्रीय महोत्सव, संध्याकाळच्या सत्रात स्वतंत्र शास्त्रीय गायन, माझी थेट निवड. राजमुद्रा ज्याला त्याला छापता येत नाही, त्यासाठी २००५ चा कायदा आहे, हे मला नंतर सायबर पोलिसांनी सांगितलं. त्या रात्री मला ती मुद्रा फार सुंदर दिसली.

मग पायऱ्या सुरू झाल्या. एकदम पन्नास हजार मागितले असते तर मी हसून फोन ठेवला असता. पहिली पायरी ३,१०० ची, नोंदणी. आठवड्याने अंतिम फेरी, ८,५००. त्या ‘फेरी’त मी काहीच गायले नाही, फक्त पैसे भरले. मग साथसंगत शुल्क ६,०००. दिल्लीला निघायच्या सहा दिवस आधी सन्मान आणि स्मृतिचिन्ह, ११,०००. यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते एका माणसाचं, संस्थेचं नव्हे. ग्राहकांना मी हेच नाव वाचायला सांगते. मीही वाचलं. खजिनदार असेल, असं माझ्याच मनाने मला समजावलं.

पैशाबद्दल त्यांना सगळं नेमकं विचारता यायचं. गाण्याबद्दल एक अक्षर नाही. माझी पट्टी कोणती, म्हणजे माझा सा कुठल्या सुरावर, राग कोणता, ताल विलंबित एकताल की झुमरा, हार्मोनियम लागेल की सारंगी, तानपुरे एक की दोन. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या कार्यक्रमालासुद्धा तबलजी आधी फोन करून विचारतो, “ताई, काळी चार ना?” (हार्मोनियमची कितवी काळी पट्टी तुमचा सा, ते असं सांगतात. मी काळी पाचला गाते, तो दर वर्षी विसरतो, पण विचारतो.) दिल्लीवाल्यांच्या यादीत होतं ते एवढंच: आधार कार्ड, दोन फोटो, साडीचा रंग.

बाईंना मी सांगितलं नाही. नणंदेकडे लग्न आहे म्हणून आठ दिवसांची सुट्टी मागितली. हे लिहिताना अजूनही घाम फुटतो.

गोवा एक्सप्रेसने गेले. दीड दिवसाचा प्रवास, वरच्या बर्थवर पडून मनातल्या मनात पूरिया धनाश्री घोटत होते. संध्याकाळचं सत्र, म्हणजे संधिप्रकाशाचा राग. बाईंकडे चार वर्षं शिकलेला. कोमल ऋषभावरून शुद्ध गंधारावर येताना बाई जिथे थांबायला लावतात ती जागा मी त्या बर्थवर शंभरदा तरी घेतली असेन.

हॉल म्हणजे एका वसाहतीतलं लग्नाचं सभागृह. मागच्या भिंतीवर आदल्या रात्रीच्या कुणाच्या तरी नावांची थर्माकोलची अक्षरं अर्धवट उचकटलेली. दारावर यादी: ६३ नावं. कथ्थकच्या मुली, कराओकेवर गाणारे, कीबोर्डवाला सहा वर्षांचा मुलगा. माझा नंबर लागला दुपारी सव्वाबाराला. दहा मिनिटांची कबुली होती ती सात झाली. प्रेक्षकांत होत्या त्या सहभागी मुलांच्या आया. आपलं पोर उतरलं की पिशव्या उचलून बाहेर.

तबल्यावर विशीतला एक मुलगा. मी म्हटलं, काळी पाच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तबल्याकडे. त्याच्याजवळ एकच तबला, काळी एकचा. हातोडीने तबल्याचे लाकडी गठ्ठे वर ठोकत गेला, तसा आवाज सैल पडून भद्द वाजायला लागला. “दीदी, इतना नहीं उतरेगा. हमें तो बोला था भजन है.” शेवटी त्याने तो परत काळी एकलाच लावला.

गाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या षड्जापासून, म्हणजे सापासून मोजलं तर काळी एक म्हणजे कोमल गंधार. आणि मी गाणार पूरिया धनाश्री, ज्यात गंधार लागतो तो शुद्ध, कोमलच्या अगदी शेजारचा. प्रत्येक समेवर तबला ‘ना’ म्हणून कोमल गंधार ठणकावत होता आणि मी त्याच्या डोक्यावर शुद्ध गंधार लावत होते. तानपुरा मोबाइलवर, मोबाइल माइकजवळ स्टुलावर. तिसऱ्या मिनिटाला त्यावर कुणाचा तरी गुड आफ्टरनूनचा मेसेज वाजला. परीक्षक म्हणून बसवलेले तिघे आपापल्या फोनमध्ये. सातव्या मिनिटाला घंटी झाली, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

उतरल्यावर त्या मुलाने हात जोडले. “माफ करना दीदी. आठ सौ दे रहे हैं पूरे दिन के. आपको कितना मिल रहा है?” साथसंगतीचे मी सहा हजार भरलेत हे मी त्याला सांगितलं नाही. कुणाची लाज वाटली तेही नीट कळलं नाही.

प्रमाणपत्रावर नाव बरोबर होतं. पुरस्काराच्या नावात ‘राष्ट्रीय’ आणि ‘रत्न’ होतं, आणि ‘युवा’सुद्धा. एक्कावन्नाव्या वर्षी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. अठ्ठावीस हजार सहाशे आणि रेल्वेचं तिकीट, एवढ्यावर शहाणी होऊन घरी आले असते. पण मी गाडीतून ट्रॉफीचा फोटो नात्यातल्या ग्रुपवर टाकला होता, आणि मी पोचायच्या आत तो इकडच्या एका छोट्या वर्तमानपत्रात छापूनही आला. स्टेशनवर दोघंजण हार घेऊन उभे. बँकेत साहेबांनी पेढे वाटले. बाईंनी बातमी वाचली असणार. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त त्या आठवड्यात मला तानपुऱ्याऐवजी समोर बसवून नुसता खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायला दिला. म्हणजे मी आता हे खोटं होतं असं म्हणू शकत नव्हते. आणि नेमका तेव्हा पुढचा फोन आला: परीक्षकांना तुमचा गंधार फार आवडला, युरोपच्या सांस्कृतिक दौऱ्यासाठी अकरा कलाकार निवडलेत, परत मिळणारी अनामत ४५,०००.

तुमचा गंधार आवडला! ज्याच्यावर तबला सात मिनिटं घण घालत होता तो. मला त्याच वाक्याला कळलं होतं. तरी भरले. पहिला पुरस्कार खरा ठरायचा असेल तर दुसरी गोष्ट खरी व्हायला हवी, असलं काहीतरी गणित डोक्यात चाललं होतं. बँकेत लोक बुडीत पैशामागे पैसे कसे घालतात ते मी वीस वर्षं बघतेय.

पासपोर्टची प्रत पाठवली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. तेव्हाही मी एकोणीस दिवस थांबले, कारण तक्रार म्हणजे सगळ्यांना कळणार. मग १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांच्या पोर्टलवर तक्रार चढली, नंबर मिळाला, पण पैसे केव्हाच पुढे काढून घेतलेले. कुणावर अशी वेळ आली तर लाज नंतर वाटू द्या, आधी १९३० लावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता तरी असते. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, त्यांचे मेसेज, नंबर, काही पुसू नका. रागाच्या भरात मी पहिलं पत्र पुसून बसले होते.

काही स्पर्धांना प्रवेशशुल्क असतं, ते वेगळं. पण गायला बोलावणारा गायकाकडून तबल्याचे, हाराचे आणि ट्रॉफीचे पैसे घेत नाही. आकाशवाणी ग्रेड मिळालेल्या कलाकाराला मानधन देते. दर्ग्यात सेवा असते, तिथे ना मानधन, ना शुल्क. निवड झाल्यावर कलाकारानेच पैसे भरायचे, असं माझ्या गुरुजनांपैकी कुणाच्याही बाबतीत मी ऐकलेलं नाही. हे मला माहीत होतं, हीच खरी गंमत.

बाईंना शेवटी सगळं सांगितलं. त्यांनी पैशाचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, “तबला कुठल्या पट्टीत होता?”

“काळी एक.”

त्या क्षणभर गप्प. मग, “अगं बाई, म्हणजे कोमल गंधार! आणि तू त्यावर पूरिया धनाश्री गायलीस? भर दुपारी?” आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मीही हसले. ते झाल्यावर म्हणाल्या, “बस आता. सा लाव.” तसं म्हणताना त्यांनी तानपुरा माझ्याकडून काढून घेऊन स्वतःच्या मांडीवर घेतला.

ट्रॉफी माळ्यावर आहे. गेल्या आठवड्यात क्लासातली एकोणीस वर्षांची मुलगी फोन घेऊन माझ्याकडे आली. नाव वेगळं, राजमुद्रा तीच, “साधना झलकती है” तेच. तिचे डोळे चमकत होते, आणि माझं ऐकून ते विझणार हे दिसत होतं. मी भाषण केलं नाही. म्हटलं, तू फक्त एवढं विचार: मी काळी चारला गाते, तबला कोणत्या पट्टीतला असेल?

तिने माझ्यासमोरच पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. मिनिटभराने उत्तर: “मैडम, रजिस्ट्रेशन हो गया क्या?”